डावा खिसा

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
मी फक्त डावा खिसा शिवते.
आकाशी शर्ट, शाळेचे. कॉलर अनसूया चिप्पाची,
बाह्या नव्या पोरींच्या, काज-बटण वरच्या मजल्यावर.
नऊ वर्षं झाली.
कुठल्या गावची पोरं त्या खिशात चिंचोके भरतात, ठाऊक नाही.
अख्खा शर्ट माझ्या हातून
अजून एकदाही उतरलेला नाही.

रविवारी घरची मशीन उघडते.
मंगळवार बाजारातून आणलेली, वादी दोनदा तुटलेली,
तेल घातलं की म्हातारीसारखी कुरकुरत चालते.
कातरणीचं गाठोडं मुकादमानं फुकट दिलं,
आणि शेजारच्या मागावरची एक सेकंड चादर,
जिच्यातल्या मोरांना मानच नाही.
पंचकार्ड फाटलं होतं म्हणे.
बावीस मोर, सगळे पिसारा फुलवून, बिनमानेचे.

पहिली अत्तम्माची उशी.
मांडीवर सूप घेऊन ती दिवसभर विड्या वळते,
सुपाची कड गुडघ्यात रुतते, ती बोलत नाही.
उशीत कातरण भरलं, चारी कडांना दुहेरी टीप.
तिनं दाबून पाहिली, सूप ठेवलं,
‘बागुंदि’ म्हणाली,
आणि पुढच्या पानाला कात्री लावली.

लावण्याचं कंपासचं पाकीट.
चेन उलटी बसली, आतून उघडते.
उसवते म्हटलं तर पोरगी ऐकेना:
‘राहू दे, वर्गात कुणालाच उघडता येणार नाही.’
यांना डब्याची पिशवी, चादरीचीच.
‘दिवसभर चादर, डब्यालाही चादर?’ म्हणाले,
पण रात्रपाळीला जाताना
हँडलला तीच लटकत होती.

राहिले मामय्या.
अडतीस वर्षं मागाच्या खडखडाटात उभे राहिले,
कान तिथंच राहून गेले.
शिबिरात मशीन मिळालं, काडेपेटीएवढी डबी, त्यातून वायर.
पण बंडीला खिसा नाही.
डबी हातात धरली तर भाकरी कशी मोडायची?
म्हणून ती कोनाड्यात, शेंगाचटणीच्या बरणीमागे,
आणि घरातल्या आम्ही सगळ्या
ओरडून ओरडून बोलणाऱ्या.

खिसा! मी एकटीच हसले.
वीतभर कापड, वरची घडी, खाली टोक,
हा तर मला डोळे मिटून येतो.
त्यांच्या बंडीवर, डाव्या बाजूला,
आकाशी कातरणीचा लावला.
माप घ्यायला लागलं नाही.
आयुष्यात पहिल्यांदा माझा खिसा
कुणाच्या छातीवर बसलाय, ते मला दिसलं.

डबी आत सरकवली, वायर कानात.
मामय्या तसेच बसून राहिले, मान किंचित वाकडी,
तुटलेला धागा शोधताना करायचे तशी.
लावण्या हळूच म्हणाली, ‘ताता, ऐकू येतंय?’
त्यांनी हात वर केला: थांब.
श्वास घेतला, सोडला. पुन्हा घेतला.
मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येणार,
पदर हाताशी घेऊन मी उभी.

‘टेरिकॉट आहे,’ ते म्हणाले.
‘काय?’
‘खिसा. पॉलिस्टर जास्त घातलंय.
श्वास घेतला की खरखरतो.
सुताचा असा आवाज येत नाही.’

अत्तम्मा सूप बाजूला ठेवून
इतकी हसली की तंबाखू सांडली.
त्यांनी तेही ऐकलं, बहुतेक,
कारण तिच्याकडे वळून पाहिलं,
बऱ्याच दिवसांनी, बोलावल्याशिवाय.

रात्री दिव्याखाली बंडी घेतली.
ब्लेडच्या टोकानं एकेक टाका उसवला.
नऊ वर्षांत
मला कुणी खिसा परत केला नव्हता.
चादरीचा एक तुकडा उरलाय, शुद्ध सुती,
मोराचं नुसतं पोट आणि थोडा पिसारा.
दिवे जायच्या आत
बॉबिन भरून ठेवते.